व्हँकुव्हरची बाई

अनुया गॅलियानो बेटावर यायला तयार झाली ती वडिलांना भेटायला नव्हे. त्यांना लग्नाला येऊ नका, एवढंच तिला सांगायचं होतं. हे तिच्या धाकट्या भावाला, देवेशला, माहीत नव्हतं. लग्न त्याचंच होतं, ऑक्टोबरात, टोरोंटोजवळच्या मिसिसागातल्या एका हॉलमध्ये, आणि त्याची समजूत अशी की तीन वर्षांनी का होईना, ताई एकदाची नरमली.

देवेश व्हँकुव्हरला सिनेमांच्या ग्राफिक्सचं काम करायचा. बाबा उन्हाळाभर आपल्या शिडाच्या बोटीतून तिकडच्या बेटांमधून फिरत असत, आणि हा सुट्टी मिळाली की त्यांच्याबरोबर चार दिवस बोटीवर जाऊन राहायचा. या भेटीचं सगळं त्यानंच जुळवलं होतं. ऑगस्टच्या शेवटी बाबांनी बोट माँटेग्यू हार्बरला आणायची, अनुयानं मिल्टनहून आपल्या मुलीला, ऊर्मीला, घेऊन यायचं, जवळ एक केबिन भाड्यानं घ्यायची आणि शनिवार-रविवार सगळ्यांनी एकत्र काढायचा. अनुयाच्या नवऱ्याला, निहारला, ऑफिसमधून निघता येण्यासारखं नव्हतं. तो म्हणाला, बरंच आहे, तुम्ही तुमचं काय ते बोलून घ्या.

बाबा घर सोडून गेले तेव्हा ते नुकतेच रिटायर झाले होते. एटोबिकोच्या घरी जेवणाच्या टेबलावर, भाताचा दुसरा घास घ्यायच्या आधी ते आईला म्हणाले होते की मी जातोय. दोन बॅगा आणि जुनी गाडी घेऊन ते गेले. घर आईच्या नावावर करून दिलं. भांडण नाही, आरडाओरडा नाही. आई तेव्हा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करत होती आणि रविवारी मंडळाची मराठी शाळा चालवत होती. पुढच्या रविवारीही ती शाळेला गेली. कोणीतरी विचारलंच. तेव्हा तिनं सांगितलं की व्हँकुव्हरला त्याची कोणी बाई आहे.

तेव्हापासून मंडळात ती 'व्हँकुव्हरची बाई' झाली. तिचं नाव कोणाला माहीत नव्हतं. अनुयानं आईला ते कधी विचारलं नाही, पण मनात तिला एक चेहरा देऊन टाकला होता. आखूड केसांची, पांढरी शॉर्ट्स घालणारी, सारखी हसणारी बाई. पहिल्याच थंडीत आई ड्राइव्हवे शोव्हल करताना बर्फावर घसरली आणि तिचं मनगट मोडलं. इमर्जन्सीत तिच्या शेजारी बसून अनुयानं त्या हसणाऱ्या बाईला दबक्या आवाजात इतक्या शिव्या दिल्या की तिचं तिलाच नवल वाटलं. नंतरचे सगळे हिवाळे मिल्टनहून एटोबिकोला जाऊन बर्फ काढणं, विंटर टायर बदलून आणणं, आईला ग्रोसरीला नेणं तिनंच केलं. बाबांचे फोन यायचे. ती उचलायची नाही.

फेरीबोटीतून उतरून, भाड्याची गाडी चालवत ती हार्बरला पोचली तेव्हा बाबा धक्क्यावर उभे होते. अनवाणी. दाढी वाढलेली, पांढरी. उन्हानं रापून काळे झाले होते आणि खूप वाळले होते. त्यांच्या मागे देवेश दोन्ही हात हलवत होता. अनुयानं त्या दोघांच्या पलीकडे पाहिलं. तिसरं कोणी नव्हतं.

"आलीस," बाबा म्हणाले. "प्रवास नीट झाला?"

"तुम्हाला कळवलं होतं देवेशनं, किती वाजता येणार ते. फेरी उशिरा सुटली."

लहानपणापासून ती बाबांना अरे-तुरेच करत आली होती. त्या 'तुम्हाला'वर देवेशनं चमकून तिच्याकडे पाहिलं. बाबांनी पाहिलं नाही. ते खाली वाकले आणि ऊर्मीला म्हणाले, "हाय, मी विलासआजोबा." ऊर्मीनं आईकडे बघितलं आणि मग त्यांच्याशी शेकहँड केला.

जेवण पार्कातल्या लाकडी टेबलावर होतं. बाबांनी बोटीवरच्या छोट्या स्टोव्हवर पिठलं-भात केला होता आणि डब्यातून आणला होता. वर नागपुरी ठेचा. सावलीला आर्ब्युटसची झाडं होती, तांबडी साल कागदासारखी सुटून लोंबणारी. खाली पाण्यापर्यंत सगळा किनारा फुटक्या शिंपल्यांनी पांढरा झाला होता. देवेश म्हणाला, खाऊन तर बघ, बाबा काय झकास पिठलं करतो आता. अनुया म्हणाली, मी फेरीवर खाल्लंय. तिनं खाल्लं नव्हतं. ऊर्मीनं मात्र दोनदा भात मागून घेतला.

"आईला कधी साधा चहा तरी करून दिला होतात?" अनुयानं विचारलं.

"तुझ्या आईनं मला कधी त्या स्वयंपाकघरात उभं राहू दिलं होतं?"

"उभं राहायला परवानगी लागत होती?"

"लागत होती," बाबा म्हणाले. "तुला माहीत नसेल. तू तेव्हा वरती अभ्यास करत असायचीस."

देवेशनं दोघांनाही, प्लीज, ऊर्मी आहे, असं म्हटलं. मग त्यानं लग्नाचं काढलं. हॉल कसा आहे, ईशिताच्या घरचे किती येणार, मेनू काय. बाबांनी तिकीट काढलंही होतं, चार दिवस आधीचं. एक सूट शिवायला टाकला होता. हे ऐकून अनुयानं ठरवलं की बोलायचं ते देवेशच्या गैरहजेरीत बोलू.

जेवण झाल्यावर ऊर्मीनं बोट बघायचा हट्ट धरला. बोट खाडीच्या मध्यावर पाण्यात तरंगणाऱ्या एका बॉयला बांधलेली होती. फार मोठी नव्हती, सेकंडहँड होती, आणि तिच्या मागच्या बाजूला इंग्रजी अक्षरांत 'फुटाळा' लिहिलं होतं. नागपूरच्या तलावाचं नाव. मरीनावरचे लोक ते 'फ्युटला' असं वाचतात, हे देवेशनं हसत सांगितलं. अनुया म्हणाली, आत बसून बघायला हरकत नाही, पण बोट जागची हलणार नाही. रबराच्या छोट्या होडीतून, डिंगीतून, सगळे तिकडे गेले. अनुयाला बोटीत रस नव्हता. तिला ती बाई कुठं राहते ते बघायचं होतं.

ऊर्मी आणि देवेश वर डेकवर खेकडे पकडायचा सापळा बघत बसले. अनुया तीन पायऱ्या उतरून आत गेली. आत वाकूनच उभं राहता येत होतं. एका बाजूला अरुंद बिछाना, त्याच्यावर एक उशी, उघडा करून उपडा ठेवलेला एक चष्मा. सिंकपाशी एक मग. छोट्या वॉशरूममध्ये एक टूथब्रश. तिनं दार ढकलून पुढचा भागही पाहिला. तिथे दोर, शिडाच्या पिशव्या आणि तांदळाची गोणी होती. खुंटीवर एकच जॅकेट. जागा स्वच्छ होती, अगदी पुसून लख्ख केलेली, आणि एका माणसाहून जास्त कोणी तिथं राहणं शक्य नव्हतं.

ती वळली तर बाबा पायऱ्यांवर उभे होते.

"काय शोधतेयस?"

"ती कुठंय? आम्ही येणार म्हणून पाठवून दिलीत का?"

"कोण ती?"

"बाबा, मी लहान नाही. ऊर्मीसमोर काही बोलणार नाही मी. पण निदान मला सांगा."

"अगं, कोण ते तर सांग."

"व्हँकुव्हरची बाई."

तिनं हे शब्द त्यांच्यासमोर पहिल्यांदाच उच्चारले. बाबा खालच्या पायरीवर बसले. कोणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, आईनं, आणि आईनं कशाला, सगळ्या मंडळाला माहीत आहे. किती दिवसांपासून? तुम्ही गेलात तेव्हापासून.

"म्हणून अरविंद," बाबा म्हणाले.

अरविंदकाका त्यांचे सगळ्यात जुने मित्र. दोघं एकाच वर्षी कॅनडात आले होते आणि लग्नं होईपर्यंत एका बेसमेंटमध्ये राहिले होते. घर सोडल्यावर बाबांनी त्यांना कितीदा तरी फोन केले. दर वेळी त्यांची बायको, शोभाकाकू, ते घरी नाहीत म्हणून सांगायची. बाबांना वाटलं होतं, चित्राला, म्हणजे आईला, सोडलं म्हणून हा रागावलाय, वर्षभरात निवळेल. आता ते मान हलवत बसले, आणि जेव्हा वर पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा रागानं ताठ झालेला होता.

"कोणी बाई नाही. नव्हती. आणि तुझ्या आईला ते पक्कं माहीत आहे."

"मग गेलात कशाला?"

"मला तिथं राहवत नव्हतं."

"भांडण झालं होतं?"

"नाही. एकदा शनिवारी लेकच्या काठानं फिरून घरी आलो. गाडी गॅरेजसमोर लावली आणि उतरवेना. बसून राहिलो. तिनं खिडकीतून बघितलं. मी आहे हे बघितलं, बसलोय हे बघितलं, आणि पडदा ओढून घेतला. मी आत गेल्यावर पानं वाढलेली होती. का बसला होतास, असं तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. असंच होतं ते, कितीतरी वर्षं."

"पडदा ओढला म्हणून तुम्ही घर सोडलंत."

"मी तसं म्हटलं नाही."

"तसंच म्हटलंत."

ते उठले आणि म्हणाले की तुला सांगून उपयोग नाही, तू त्याच स्वयंपाकघरात शिकलेली. ती म्हणाली, हो, आणि आता ते स्वयंपाकघर मीच सांभाळते. वरून ऊर्मीची हाक आली म्हणून ते बोलणं तिथंच थांबलं.

केबिनमध्ये ऊर्मीला झोपवताना अनुयाच्या लक्षात आलं की तिला काहीतरी हरवल्यासारखं वाटतंय. ती आखूड केसांची बाई गेली होती. इतकी वर्षं जेवढा राग आला तेवढा तिनं त्या बाईच्या अंगावर टाकला होता, आणि बाबांसाठी मागे थोडी जागा ठेवली होती. माणूस भुलतो, उतारवयात तर भुलतोच, उद्या भानावरही येईल. पण ते भुललेच नव्हते. शुद्धीत होते, एकटे होते, आणि एक मग, एक उशी, एक टूथब्रश हे त्यांना आईपेक्षा, तिच्यापेक्षा, तेव्हा बालवाडीत जाणाऱ्या ऊर्मीपेक्षा बरं वाटलं होतं.

सकाळी देवेश निरोप घेऊन आला की बाबा सगळ्यांना बोटीतून फिरवून आणतो म्हणतोय, हवा छान आहे. अनुयानं सरळ नाही म्हटलं. मी येणार नाही आणि ऊर्मीही येणार नाही. धक्क्यावर जाऊन तिनं बाबांनाही तेच सांगितलं. ते म्हणाले, ठीक आहे. मग ऊर्मीला देवेशजवळ सोडून ती वरच्या रस्त्यानं चालत गेली, कारण खाली फोनला रेंज नव्हती.

टोरोंटोला दुपार झाली होती. आईनं पहिल्याच रिंगला फोन उचलला.

"सांगितलंस त्याला?"

"अजून नाही. आई, इथं कोणी नाहीये. बोटीवर ते एकटेच राहतात. मी सगळं बघितलं."

पलीकडे आईनं नळ बंद केल्याचा आवाज आला.

"कोणी बाई नव्हतीच म्हणतात."

"मला माहीत आहे," आई म्हणाली.

अनुया रस्त्याच्या कडेला ब्लॅकबेरीच्या जाळीपाशी उभी होती. समोरून एक पिकअप गेली, चालवणाऱ्यानं हात केला, तिनंही सवयीनं केला. मग तिनं विचारलं की आई, तू असं का केलंस.

"मग काय सांगणार होते? बाई आहे म्हटलं की लोक त्याला नावं ठेवतात आणि गप्प बसतात. कोणी नाही म्हटलं की माझ्याकडे बघतात. हिनं असं काय केलं असेल, की या वयात माणूस नुसताच उठून गेला? तुला कळतंय का, नुसताच? मी दर रविवारी त्या बायकांमध्ये जाते. मला शाळा चालवायची असते."

"आणि म्हणून ते लग्नाला नकोत."

"तो एकटा आला की सगळ्यांना दिसेल. तू त्याला सांग, तो आला तर मी येणार नाही. आणि हे देवेशला सांगायचं नाही."

अनुयाला आईचाही संताप आला. मनगटाला प्लास्टर घालून बसलेली असताना, लेक त्या बाईला शिव्या देते ते ऐकत असताना, ही काही बोलली नव्हती. उलट तिच्या हो ला हो करत होती. ती आईला म्हणाली की तू मलाही त्या बायकांत धरलंस. आई म्हणाली, तू तर सगळ्यात जास्त प्रश्न विचारले असतेस. अनुयानं फोन बंद केला.

ती खाली आली तेव्हा बॉय रिकामा होता. 'फुटाळा' कुठं दिसत नव्हती. देवेश टेबलापाशी कॉफी घेऊन बसला होता. तिला बघून तो उठला आणि भराभर बोलायला लागला. ऊर्मी रडायला लागली होती, तिला इतकं जायचं होतं, बाबा म्हणाला अर्ध्या तासात त्या टोकापर्यंत जाऊन येतो, लाइफजॅकेट घातलंय, ताई, ही इज व्हेरी केअरफुल. अनुया म्हणाली, मी नाही म्हटलं होतं. तो म्हणाला, आय नो. ती परत तेच म्हणाली.

अर्धा तास गेला, एक तास गेला. खाडीतलं पाणी तेल ओतल्यासारखं सपाट झालं. झाडाचं पानही हलेना. देवेश टोकाकडे बघत येरझाऱ्या घालायला लागला. त्याचा आवाज बदलला तेव्हा अनुया खरी घाबरली. शेजारच्या बोटीवरच्या एका म्हाताऱ्या गोऱ्या माणसाला त्यानं विचारलं, तर तो म्हणाला की बाहेर वारा अजिबात नाही आणि ओहोटीची ओढ मात्र जोराची आहे, इंजिन असेल तर काळजी नको. मग त्या म्हाताऱ्यानंच आपल्या रेडिओवरून 'फुटाळा'ला बोलावून पाहिलं. पहिल्यांदा उत्तर आलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. अनुया धक्क्याच्या टोकाला जाऊन उभी राहिली. निहारला फोन करायचा तर वर चालत जावं लागलं असतं, आणि तिला पाण्याकडे पाठ करवेना. थोड्या वेळानं त्या माणसानं बोटीवरून ओरडून सांगितलं की उत्तर आलंय. इंजिन तापून बंद पडलं होतं, बोट ओहोटीबरोबर खाली वाहत चालली होती, पण एका मासेमारी बोटीनं दोर टाकलाय. सगळे सुखरूप आहेत.

दोराच्या मागं 'फुटाळा' आत आली तेव्हा दुपार कलायला लागली होती. ऊर्मी मागच्या बाजूला सुकाणूचा दांडा धरून बसली होती, नाक उन्हानं लाल, चेहरा आनंदानं फुललेला. "मॉम, वुई गॉट टोड! ओढून आणलं आम्हाला!" ती लांबूनच ओरडली. डिंगी धक्क्याला लागल्याबरोबर अनुयानं तिला दंड धरून वर ओढलं, इतकं जोरात की ती रडायला लागली.

"तुला सांगितलं होतं मी," अनुया बाबांना म्हणाली. तिच्या नकळत तोंडातून 'तू' निघून गेलं होतं. "तुझ्या तोंडावर सांगितलं होतं."

"काही झालेलं नाही. कूलिंगचा पंप गेला. होतं असं. मी नांगर टाकायच्या तयारीत होतो."

"माझी मुलगी आहे ती."

"माझी नात आहे."

"कधीपासून? पाच वर्षांची होती तेव्हा गेलास. तिला तुझा चेहरा फोटोतला माहीत होता. तुला वाटलं, पोरीला बोटीतून फिरवून आणलं की झालं?"

"तू फोन उचलला असतास तर—"

"लग्नाला यायचं नाही," अनुया म्हणाली. "आईनं सांगितलंय. तुम्ही आलात तर ती येणार नाही. हेच सांगायला आले होते मी."

देवेश डिंगीचा दोर बांधत होता. तो सरळ उभा राहिला.

"यासाठी आलीस तू?" त्यानं विचारलं. "मी सगळ्यांना सांगितलं की माझी बहीण बाबाला भेटायला येतेय. यू केम फॉर दिस?"

"हो."

"माझं लग्न आहे, ताई. मला कोणी विचारलं?"

बाबा तिच्याकडे रोखून बघत होते. रात्रभर त्यांनी त्या बाईचाच विचार केला असावा, कारण त्यांनी जे विचारलं ते विचार करून ठेवल्यासारखं विचारलं.

"मी एकटा दिसेन म्हणून तिला नको आहे. बरोबर?"

उत्तर अनुयाच्या तोंडावरच त्यांना दिसलं. ते हसले. ते हसू तिनं आधी कधी पाहिलं नव्हतं आणि तिला ते आवडलं नाही.

"मग मी येणारच. एकटाच येईन. दारात उभा राहीन. सगळ्यांना नीट बघू दे."

"हे तुम्ही देवेशसाठी करणार नाही," ती म्हणाली.

"नाही. हे माझ्यासाठी करीन."

कोण एकटा, काय बोलताय तुम्ही दोघं, असं देवेश विचारत राहिला. अनुयानं त्याला सांगितलं. कोणाला सांगू नकोस म्हणून आईनं बजावलेलं सगळं तिनं तिथंच धक्क्यावर सांगून टाकलं. देवेश ऐकून घेत उभा राहिला आणि शेवटी म्हणाला की तुम्ही तिघंही मला नको आहात. मग केबिनवर न येता तो त्या म्हाताऱ्या माणसाच्या बोटीकडे, त्याचे आभार मानायला, निघून गेला. अनुयानं सामान भरलं आणि एक दिवस आधीच, संध्याकाळची फेरी पकडली. फेरीवर ऊर्मी तिच्याशेजारी बसायला तयार नव्हती. ती दोन बाकं सोडून बसली आणि बेट दिसेनासं होईपर्यंत तिनं तोंड वळवलं नाही.

पुढचा महिनाभर एटोबिको, मिल्टन आणि व्हँकुव्हर यांच्यात फोन चालू राहिले. देवेशनं आईला कळवलं की मी बाबाला येऊ नको म्हणून सांगणार नाही. तुला यायचं नसेल तर तो तुझा निर्णय, ईशिताच्या घरच्यांना काय सांगायचं ते तूच सांग. आई दोन आठवडे त्याच्याशी बोलली नाही. लग्नाच्या दिवशी मात्र ती सगळ्यांच्या आधी हॉलवर हजर होती, मोतिया रंगाची साडी नेसून, केटररला फैलावर घेत. पुण्याहवाचनाला अनुया आणि निहार बसले.

बाबा ठरल्याप्रमाणे एकटे आले. दाढी कातरलेली होती, नवा सूट खांद्यावर सैल पडला होता. आणि म्हटल्याप्रमाणे ते खरंच दारात उभे राहिले. येणारा-जाणारा त्यांच्याशी हात मिळवायचा आणि त्यांच्या खांद्यावरून मागं बघायचा. अनुया विधीच्या पाटावरून ते बघत होती. आईही बघत होती. मग आई बायकांच्या घोळक्याकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तिला नाही आणलं. तेवढी तरी लाज ठेवली म्हणायची."

बायकांनी माना डोलावल्या. शोभाकाकूंनी आईचा हात दाबला.

अनुया पाटावरून उठली तेव्हा बाबा अरविंदकाकांना गाठून एका खांबाशी उभे होते. ती पाणी घ्यायच्या निमित्तानं तिथून गेली. बाबा म्हणत होते की अरविंद, कोणी बाई नव्हती, कधीच नव्हती. अरविंदकाकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. जाऊ दे रे, म्हणाले, आता कशाला ते, पोराचं लग्न आहे. बाबा म्हणाले, मी खरं सांगतोय. अरविंदकाका म्हणाले, हो, हो. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "सोडून गेली का?"

बाबांनी आणखी दोघा-तिघांना सांगून पाहिलं. सगळे त्यांच्याशी फार चांगले वागले. बिचारा, तिनंही टाकलं शेवटी, असं मुख्य जेवणाच्या आधीच हॉलभर झालं होतं. आई हसतमुखानं पाहुण्यांना आग्रह करत फिरत होती. जेवणाच्या वेळी बाबा मागच्या एका टेबलावर एकटे बसले. देवेश आणि ईशिता त्यांच्या पाया पडायला तिथं गेले. ऊर्मीही गेली, आणि अनुयानं तिला अडवलं नाही, पण पाच मिनिटांनी बोलावून घेतलं.

रात्रीच्या विमानानं त्यांना परत जायचं होतं. देवेशनं डोळ्यांनीच सांगितलं म्हणून अनुयानं त्यांना एअरपोर्टवर सोडायचं कबूल केलं. अंतर थोडंच होतं. गाडीत ते समोरच्या रस्त्याकडे बघत बसले होते, नव्या सुटाची बटणं सोडून. हीटरचा आवाज तेवढा येत होता. टर्मिनलसमोर तिनं गाडी कडेला घेतली. ते लगेच उतरले नाहीत.

"एकानंही मानलं नाही," ते म्हणाले.

"आईला ते माहीत असतं तर तिनं एवढं टेन्शन घेतलं नसतं."

त्यांनी बेल्ट सोडला. मग तिच्याकडे न बघता विचारलं, "तुझा तरी विश्वास आहे ना?"

"आहे," अनुया म्हणाली. "म्हणूनच तर राग जात नाही."

त्यांनी मान हलवली. मागच्या सीटवरची बॅग घेऊन ते उतरले आणि दार हळू लावलं. ते नीट लागलं नव्हतं. तिनं हात लांब करून ते उघडलं, पुन्हा जोरात ओढून लावलं, आणि मागच्या गाडीनं हॉर्न दिला म्हणून निघाली.